घरमालकांच्या शंका : ओल, अनामत आणि वेळेवरची दुरुस्ती

घर भाड्याने देणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून त्यांतला मुद्द्याचा भाग तेवढा ठेवला आहे. नोटिशीची मुदत, भाडेवाढीची मर्यादा आणि घर रिकामे करून घेण्याची पद्धत या गोष्टी त्या त्या ठिकाणच्या कायद्याने ठरतात. त्यांबाबत स्थानिक वकिलाचाच सल्ला घ्यावा. बहुतेक पत्रांत तक्रार भाडेकरूविषयी आहे, परंतु ती नीट वाचली की तिचे मूळ घराच्या एखाद्या भागात किंवा न लिहिलेल्या कागदात सापडते, असे माझे मत आहे आणि उत्तरेही त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : माझ्या सदनिकेच्या शयनगृहात कोपऱ्यात आणि कपाटामागे काळे डाग पडले आहेत. वरच्या मजल्यावरून गळती होते, असे भाडेकरू म्हणतात. ते खिडक्या उघडत नाहीत म्हणून हे झाले, असे माझे म्हणणे आहे. दोन वेळा रंग दिला, तरी डाग परत आले. खर्च कोणी करायचा?

उत्तर : खर्चाचा प्रश्न थोडा बाजूला ठेवा, कारण ओल कुठून येते हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही. दोन वेळा रंग देऊनही डाग परत आले, याचा अर्थ दोन्ही वेळा डाग झाकला गेला आणि कारण तसेच राहिले.

भिंतीत ओल येण्याच्या मुख्यतः चार वाटा असतात. खोलीतल्या हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर बसून तिचे पाणी होते. पावसाचे पाणी भेगेतून किंवा छतातून आत झिरपते. जमिनीतले पाणी पायातून वर ओढले जाते. अथवा भिंतीतली एखादी नळी झिरपत असते. प्रत्येकीची खूण वेगळी असते. जमिनीतून चढणारी ओल जमिनीला लागून असलेल्या मजल्यावरच दिसते, साधारणतः मीटरभर उंचीपर्यंत पोहोचते आणि वरच्या कडेला वेडीवाकडी आडवी रेघ व पांढऱ्या क्षारांची पूड सोडते. पावसाची ओल सरी येऊन गेल्यावर गडद होते आणि उघडीप मिळाली की फिकी पडते. नळीच्या गळतीला ऋतू नसतो. तिचा डाग पसरत जातो आणि कडेला पिवळसर-तपकिरी छटा धरतो. तुम्ही वर्णन केलेले काळे डाग, तेही कोपऱ्यात आणि कपाटामागे, हे बहुधा वाफेच्या ओलीचे लक्षण आहे, कारण जिथे हवा खेळत नाही तिथे भिंत थंड राहते आणि बुरशीला निवांत वाढता येते. मात्र हा पत्रावरून केलेला अंदाज झाला. त्याला निदान म्हणता येणार नाही.

निदानाचा एक सोपा मार्ग आहे. ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर लांबी-रुंदीचा तुकडा घ्या, डागाजवळची भिंत कोरड्या फडक्याने पुसा आणि तुकडा भिंतीला लावून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. एक-दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव जमले असेल, तर ते हवेतल्या वाफेचे. भिंतीकडची बाजू ओली असेल, तर पाणी भिंतीतून येत आहे. दोन्ही बाजू ओल्या निघणेही विरळ नाही, आणि तसे झाले तर तुम्ही आणि भाडेकरू दोघेही अर्धे बरोबर ठराल.

भिंतीकडची बाजू ओली निघाल्यास नळ्यांकडे वळावे. घरातले सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा आणि दोन तास पाणी न वापरता तो पुन्हा पाहा. आकडा सरकला, तर दाबाखालच्या नळीत गळती आहे किंवा फ्लशच्या टाकीतून पाणी गुपचूप वाहत आहे. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकले आणि फ्लश न करताच भांड्यात रंग उतरला, की दुसरी शक्यता सिद्ध होते. हीच परीक्षा वरच्या घरातही करून घ्यावी. आकडा स्थिर राहिला म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये, कारण सांडपाण्याच्या नळीतली आणि न्हाणीघराच्या फरशीखालची गळती मीटरला कळत नाही. त्यासाठी वरच्या रहिवाशांना विनंती करून त्यांचे न्हाणीघर काही दिवस वापराविना ठेवावे लागते. तेवढ्यात डाग सुकू लागला, तर जाळीभोवतीचा सांधा आणि फरशांमधले ग्राउट यांवर पहिला संशय घ्यावा.

वाफेचीच ओल निघाली, तर तुमचे म्हणणे खरे ठरले असे लगेच समजू नका. चार माणसांचे कुटुंब श्वास, स्वयंपाक, अंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी हवेत सोडते आणि ते बाहेर जाण्यासाठी घराला वाट हवी. भाडेकरूंना खिडकी उघडायला सांगणाऱ्या मालकाने आधी स्वतः ती खिडकी उघडून पाहावी. रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटलेली झडप, गंजलेली कडी, धुळीने बुजलेली एक्झॉस्ट पंख्याची जाळी या गोष्टी मालकाच्या बाजूच्या आहेत. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, अंघोळीनंतर पंखा चालू ठेवणे आणि ओले कपडे बंद खोलीत न वाळवणे या भाडेकरूंच्या बाजूच्या. खोलीत साधा आर्द्रतामापक ठेवून सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहते का, हे दोघांनीही पाहावे. यंत्रावरचा आकडा समोर असला की आवाज चढत नाहीत.

खर्चाचे उत्तर आता सोपे होते. इमारतीचा दोष असेल तर तो मालकाचा खर्च. वरच्या घरातून गळती असेल तर त्या घराच्या मालकाकडे इमारतीच्या व्यवस्थापनामार्फत लेखी पाठपुरावा करावा. आणि हवा खेळण्याची पुरेशी सोय असूनही ती वापरली गेली नाही, हे दाखवता येत असेल तरच भाडेकरूंकडे खर्च मागावा. बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नये, तिचे कण हवेत उडतात. हातमोजे आणि मास्क घालून ती ओल्या फडक्याने पुसावी. ब्लीच वापरणार असाल, तर ते आम्लयुक्त किंवा अमोनियायुक्त द्रावणात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू तयार होतात. गळती बंद केल्यावर लगेच रंगाऱ्याला बोलावू नका. भिजलेली भिंत महिन्याला साधारण २५ मिलिमीटर जाडी या गतीने सुकते, असा बांधकामातला ढोबळ हिशेब आहे. त्याआधी दिलेल्या रंगाचे पोपडे निघणारच.

प्रश्न : भाडेकरू तीन वर्षे राहून गेले. भिंतींवर मुलांनी रेघोट्या मारल्या आहेत, स्वयंपाकघरातली एक फरशी फुटली आहे आणि नळांची चमक गेली आहे. संपूर्ण रंगाचा, फरशीचा आणि नवीन नळांचा खर्च अनामत रकमेतून कापावा असे मला वाटते. भाडेकरूंना ते मान्य नाही.

उत्तर : मलाही मान्य नाही, निदान संपूर्ण रकमेपुरते तरी. वापराने होणारी झीज आणि निष्काळजीपणाने झालेले नुकसान यांत फरक आहे. नळांची चमक जाणे, उन्हाने पडदे फिके पडणे, दाराजवळची फरशी पावलांनी झिजणे ही झीज आहे आणि तिचा मोबदला तुम्ही दरमहा भाड्यातून घेतलेलाच आहे. रेघोट्या हे नुकसान म्हणता येईल, परंतु तिथेही जुन्याच्या जागी नवे मागता येत नाही. आतल्या रंगाचे आयुष्य पाच वर्षे धरले आणि भाडेकरू येण्याच्या वेळी रंग ताजा असेल, तर तीन वर्षांचे आयुष्य संपलेले आहे. उरलेल्या दोन वर्षांपुरते, म्हणजे खराब झालेल्या भिंतींच्या खर्चाच्या ४० टक्के, एवढीच मागणी न्याय्य ठरते. रंग त्यांच्या आधीच्या भाडेकरूंच्या वेळचा असेल, तर बहुधा काहीच मागता येणार नाही.

फरशीबाबत नेहमीची अडचण अशी की तशीच फरशी आता बाजारात मिळत नाही, म्हणून सगळी जमीन बदलावी लागेल असे मालक म्हणतात. एका फुटलेल्या फरशीसाठी एका फरशीचाच खर्च मागावा. पुढच्या वेळी काम करून घेताना सात-आठ फरशा जास्त घेऊन माळ्यावर ठेवा आणि खोक्यावरचा छटेचा व उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक लिहून ठेवा, कारण एकाच नावाच्या फरशीच्या दोन खेपांत छटेचा फरक पडतो. रंगाच्या डब्यावरचा छटेचा क्रमांकही तसाच टिपावा. एखाद्याच भिंतीला रंग द्यावा लागतो, तेव्हा या क्रमांकाने बराच खर्च वाचतो.

तरीही या साऱ्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न तुमच्या पत्रात आलेलाच नाही, तो म्हणजे भाडेकरू राहायला आले त्या दिवशी घर कसे होते याचा कागद तुमच्याकडे आहे का? खोलीवार यादी, प्रत्येक वस्तूपुढे तिची स्थिती, तारखेसह छायाचित्रे, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे आणि दोघांच्या सह्या एवढे त्यात असावे. "भिंती चांगल्या" असे लिहू नये. "खिडकीखाली वीतभर तडा, इतरत्र डाग नाही" असे लिहावे. जाताना तीच यादी हातात घेऊन दोघांनी बरोबर फिरावे. असा कागद नसेल, तर या वेळी रेघोट्या आणि एक फरशी एवढ्यावर समझोता करून उरलेली अनामत, कपातीच्या लेखी हिशेबासह आणि पावत्यांच्या प्रती जोडून, विलंब न लावता परत करावी.

प्रश्न : बाजारभाव वाढला आहे. आमचे भाडेकरू वेळेवर भाडे देतात, घर नीट ठेवतात, पण त्यांना वाढ मान्य नाही. नवीन भाडेकरू पाच टक्के जास्त द्यायला तयार होतील. बदलावेत का?

उत्तर : आकडेमोड करून पाहा. सध्याचे मासिक भाडे १०० धरले, तर वर्षाचे १२०० मिळतात. भाडेकरू बदलताना घर एक महिना जरी रिकामे राहिले, तरी पहिल्या वर्षी ११ महिन्यांचे १०५ प्रमाणे ११५५ मिळतील. म्हणजे वाढ मिळूनही पहिल्या वर्षी ४५ कमी. पुढे दरमहा ५ जास्त मिळत गेले, तर ती तूट भरून यायला आणखी नऊ महिने लागतील. यात मध्यस्थाचे शुल्क, रंग, साफसफाई आणि नवीन करार यांचा खर्च धरलेला नाही. तो धरला तर दुसरे वर्षही तुटीत जाईल. एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या भाड्याचा बारावा भाग, सुमारे ८.३ टक्के, हा आकडा प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावा.

तुमच्या जागी मी असतो, तर एकदम मोठी वाढ मागण्याऐवजी पुढील करारातच दर वर्षी ठरावीक टक्के वाढ लिहून घेतली असती आणि तिच्याबरोबर भाडेकरूंना हवी असलेली एखादी सुधारणा करून दिली असती. वेळेवर भाडे देणाऱ्या आणि गळणारा नळ पहिल्याच दिवशी कळवणाऱ्या माणसाची किंमत भाड्याच्या आकड्यात दिसत नाही.

प्रश्न : देखभालीसाठी भाड्यातून किती रक्कम बाजूला ठेवावी? घराच्या किमतीच्या एक टक्का, असे एकाने सांगितले.

उत्तर : तो ढोबळ नियम बराच प्रचलित आहे, परंतु त्यात एक मोठी खोट आहे. घराच्या किमतीत जागेचीही किंमत असते आणि जागा गळत नाही की गंजत नाही. त्यामुळे महागड्या वस्तीतल्या लहानशा नव्या घराला हा नियम भलती मोठी रक्कम सुचवतो आणि स्वस्त जागेवरच्या जुन्या घराला अगदीच तुटपुंजी. त्याऐवजी घरातल्या झिजणाऱ्या गोष्टींची यादी करावी : आतला रंग, बाहेरचा रंग, छताचा जलरोधक थर, गिझर, पाण्याचा पंप, नळ, कुलपे, पंखे. प्रत्येकीपुढे आजचा बदलण्याचा खर्च आणि तिची उरलेली वर्षे लिहावीत. खर्चाला वर्षांनी भागले की त्या वस्तूचा वार्षिक वाटा मिळतो आणि सर्व वाट्यांची बेरीज म्हणजे तुमची रक्कम. ती वेगळ्या खात्यात ठेवावी. घरखर्चाच्या खात्यात ठेवलेली दुरुस्तीची रक्कम दुरुस्तीच्या वेळी तिथे नसते. यादी वर्षातून एकदा पुन्हा तपासावी, कारण खर्च वाढतात आणि गिझर काही तुमची यादी वाचून बिघडत नाही.

प्रश्न : घर पाहायला आम्ही अधूनमधून न सांगता जातो, कारण सांगून गेल्यास सगळे झाकले जाते. भाडेकरू नाराज आहेत. शिवाय ते रात्री-अपरात्री दुरुस्तीसाठी फोन करतात. काय करावे?

उत्तर : न सांगता जाणे बंद करावे. घर तुमच्या मालकीचे असले तरी ताबा त्यांचा आहे आणि अनेक देशांच्या कायद्यांनी पूर्वसूचना बंधनकारक केली आहे. झाकता येणाऱ्या गोष्टी पाहण्यासाठी तुम्ही जातच नाही. ओल, गळती, वाळवी आणि सैल झालेली विजेची जोडणी दहा मिनिटांच्या आवराआवरीत झाकली जात नाही. वर्षातून दोनदा, आधी लेखी कळवून आणि दोघांच्या सोयीच्या वेळी जावे. सिंकखाली हात फिरवून सांधे कोरडे आहेत का हे पाहावे, छतावरचे पाणी जाण्याचे तोंड मोकळे आहे ना याची खात्री करावी, दारांच्या चौकटींवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का हे तपासावे, कारण ती वाळवीची खूण असते. वितरण पेटीत गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी असतो. माणसाच्या संरक्षणासाठी तो सहसा ३० मिलिॲम्पिअरचा बसवतात. त्यावरचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो तत्काळ खाली पडायला हवा. पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. गॅसवर चालणारा गिझर बंदिस्त न्हाणीघरात असेल, तर तो तिथून काढावाच; अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला रंग नसतो, वासही नसतो.

रात्रीच्या फोनांवर उपाय म्हणजे करारासोबत एक पान जोडणे. गॅसचा वास, विजेच्या ठिणग्या, फुटलेली नळी, तुंबून वर आलेले सांडपाणी आणि बाहेरचे दार बंद न होणे या गोष्टींसाठी कोणत्याही वेळी फोन करावा. बाकीच्यांसाठी लेखी निरोप पाठवावा आणि त्याला दुसऱ्या दिवशी उत्तर मिळेल, असे त्यात स्पष्ट लिहावे. पाण्याची मुख्य चावी आणि विजेचा मुख्य खटका कुठे आहे हे भाडेकरूंना पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष दाखवावे आणि चावी त्यांच्याच हाताने एकदा फिरवून घ्यावी, कारण वर्षानुवर्षे न फिरवलेली चावी ऐन वेळी जाम झालेली निघते. मग नळी फुटली तरी तुम्ही पोहोचेपर्यंत पाणी बंद झालेले असेल. आणि लेखी निरोपाला खरोखरच दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावे. एरवी कोणी ऐकत नाही असा अनुभव आला, की माणसे रात्री फोन करू लागतात.

प्रश्न : भाडेकरू गेल्यावर घर चार महिने रिकामे राहणार आहे. कुलूप लावून ठेवले तर चालेल का?

उत्तर : कुलूप लावून ठेवलेल्या घराचेही काही भाग खराब होत राहतात. मोरीच्या आणि बेसिनच्या खालच्या वळणात साठलेले पाणी गटारातला वायू आणि झुरळे अडवून धरते. काही आठवड्यांत ते सुकते आणि मग घरभर दुर्गंधी पसरते. दर दोन आठवड्यांनी कोणी तरी जाऊन प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावे, फ्लश करावा, खिडक्या तासभर उघडाव्यात आणि सर्व नळ काही मिनिटे वाहू द्यावेत. नळ वाहू देण्यामागे आरोग्याचेही कारण आहे. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर जी घातक न्यूमोनियाची साथ उद्भवली, तिच्या तपासातून लिजिओनेला हा जिवाणू सापडला. तो साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो आणि फवाऱ्याच्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून शरीरात जातो. म्हणून बराच काळ बंद असलेला शॉवर सुरू करताना त्याचे तोंड पिशवीत किंवा बादलीतल्या पाण्यात धरून आधीचे पाणी वाहून जाऊ द्यावे.

गिझर बंद करावा, गॅसची जोडणी बंद करावी आणि कोणी जाणार नसेल त्या काळात पाण्याची मुख्य चावीही बंद ठेवावी. रिकाम्या घरात फुटलेली नळी कित्येक दिवस वाहत राहते आणि पहिली तक्रार खालच्या मजल्यावरून येते. शेवटी विम्याची कागदपत्रे काढून वाचावीत. घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ रिकामे राहिल्यास पाण्याने झालेल्या नुकसानीची किंवा चोरीची भरपाई नाकारणारे कलम अनेक पॉलिसींमध्ये असते. तुमच्या पॉलिसीत ते असेल, तर घर बंद करण्यापूर्वीच विमा कंपनीला लेखी कळवून तिची पोच घ्यावी.